चाक पाठीकडून बघावं

अलॉय व्हीलच्या दुकानात सगळी चाकं भिंतीवर तोंड पुढे करून टांगलेली असतात. काळी, चंदेरी, ब्राँझ रंगाची, कडेला आरशासारखी चकाकी ठेवलेली. गिऱ्हाईक मान वर करून फिरतं, एकावर बोट ठेवतं, मग दुकानदार विचारतो, "गाडी कुठली आपली?" माझ्या मते इथेच घोडं पेंड खातं. चाक आधी भिंतीवरून उतरवून घ्यावं, फरशीवर पालथं घालावं आणि त्याची पाठ वाचावी. पुढचं डिझाइन सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघायला येणाऱ्यांसाठी असतं. गाडीचा संबंध फक्त पाठीशी.

नव्या गाडीच्या बाबतीत हे फार मनावर घ्यायची गरज नसते. दुकानदाराकडे तयार यादी असते, मॉडेल सांगितलं की तो चार पर्याय समोर ठेवतो. जुन्या गाडीचं नाव त्या यादीत बहुधा नसतंच. मग सुरू होतो "बसवून बघू साहेब" हा प्रकार.

माझी गाडी मर्सिडीजची डब्ल्यू१२४, ई२२०, १९९६ची. हे मॉडेल जर्मनीत १९८४च्या अखेरीस आलं. ब्रूनो साक्को तेव्हा तिथले मुख्य डिझाइनर. १९९५मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर (आजची टाटा मोटर्स) भागीदारीत भारतात जुळणी सुरू केली ती आपल्या पिंपरीत, आणि पहिली गाडी निवडली ती हीच. त्याच वर्षी युरोपात तिची धाकटी, गोल दिव्यांची बहीण बाजारात आली होती, म्हणजे आपल्याला रिवाजाप्रमाणे निरोप घेणारं मॉडेल मिळालं. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. निरोप घेणारं मॉडेल म्हणजे दहा वर्षं दोष काढून काढून सुधारलेलं मॉडेल.

तिला क्लासिक म्हणावं का यावर वाद घालणारे घालोत. आपल्याकडे सरकारी हिशेबाने 'विंटेज' व्हायला पन्नाशी गाठावी लागते. जर्मनीत तिशीतच ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते. पिंपरीत जन्मलेल्या गाडीला जर्मन नियम लावायचा की देशी, हे ज्याने त्याने ठरवावं.

आधीच्या मालकांनी तिला अठरा इंची चाकं घातली होती. मूळ पंधरा इंचीचं काय केलं विचारलं, तर "भंगारात दिली असतील" असं उत्तर आलं. ही नवी चाकं साडेआठ इंच रुंद. ती आत स्ट्रटला, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्याला, घासायला लागली म्हणून हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) आणि चाक यांच्यामध्ये दहा मिलिमीटरची चकती, म्हणजे स्पेसर घातलेला. स्पेसर घातल्यावर टायर बाहेर आला आणि मागच्या मडगार्डच्या कडेला लागायला लागला, म्हणून मडगार्डची कड आतून हातोडीने ठोकून वळवलेली. ठोकताना रंगाला तडा गेला, तिथून पाणी शिरलं आणि गंज धरला. एक चूक लपवायला दुसरी, दुसरी लपवायला तिसरी. आणि एवढं करूनही ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग करून झालं, अलाइनमेंट करून झाली, पण थरथर हटेना.

कारण शोधायला चाक काढून पालथं घालणं एवढंच बाकी होतं. चाकाच्या मधलं भोक ७३.१ मिलिमीटरचं, आणि या गाडीच्या हबचा मधला उंचवटा ६६.६चा. बाजारातली बरीच अलॉय मुद्दाम मोठ्या भोकाची ओततात, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना विकता येतं. मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग मिळते. ती इथे नव्हतीच. चाक मध्यावर आणायचं काम हबऐवजी पाच बोल्टांवर पडलेलं. नीट शंकूच्या तोंडाचे बोल्ट असले, चाक हवेत ठेवून आलटूनपालटून आवळले, तर तेवढ्यावरही चाक मध्यावर येतं असं काही जाणकार म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण गल्लीतला पंक्चरवाला रात्री आठ वाजता जॅक उतरवून, एकाच बाजूने बोल्ट आवळणार हे गृहीत धरूनच चाक निवडलं पाहिजे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटतं गाडी बोल्टांवर टांगलेली असते. तसं नसतं. बोल्ट चाकाला हबच्या तोंडावर दाबून धरतात आणि त्या दाबातून जे घर्षण तयार होतं ते भार पेलतं. म्हणून हबचं तोंड साफ हवं, बोल्ट योग्य जोराने आवळलेले हवेत आणि बोल्टाचं डोकं चाकात जिथे टेकतं तिथे पूर्ण टेकायला हवं. या गाडीसाठी तो जोर ११० न्यूटन मीटर आहे. टॉर्क पान्हा, म्हणजे ठरलेल्या जोराला क्लिक् करणारा पान्हा, जिथे क्लिक् करतो तिथे थांबायचं असतं. पाइप लावून, वर उभं राहून आवळण्यात मर्दुमकी नाही.

आता पीसीडी. पाच बोल्टांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं तर त्याचा जो व्यास, ती पीसीडी. आमची ११२. पाच भोकं असली की समोरासमोर दोन येत नाहीत, त्यामुळे थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर व्हर्नियरने घ्यायचं आणि १.७ने गुणायचं. ११२ला हे अंतर ६५.८ मिलिमीटर येतं. इनोव्हाची पीसीडी ११४.३, तिथे ते ६७.२ भरतं. फरक दीड मिलिमीटरचाही नाही. डोळ्यांना तो दिसत नाही, हाताला जाणवत नाही आणि बोल्ट तर सरळ आत जातात. मग "इनोव्हाच्या मापाची रिम बसते साहेब, मी बसवलीय" असं म्हणणारा भेटतोच. तो खोटं बोलत नसतो. मोठ्या भोकाची बाजारातली रिम असली तर बसते ती, पण प्रत्येक बोल्ट किंचित तिरका होऊन बसतो. डोक्याची एकच बाजू टेकते, पान्हा क्लिक् म्हणतो आणि दाब मात्र अर्ध्याच जागेवर येतो. पुढे शे-दोनशे किलोमीटरवर तो बोल्ट आपोआप सैल होतो. फियाटवाल्यांचं दुखणंही हेच. उनो आणि पॅलिओची पीसीडी चार बोल्टांवर ९८, आणि बाजार भरलेला १०० च्या चाकांनी. दोन मिलिमीटरसाठी लोकांनी भोकं कानशीने घासून लांबवलेली मी पाहिली आहेत. बीटलवाले या बाबतीत सुखी. त्यांची जुनी पीसीडी २०५, पुढे चार बोल्टांवर १३०. इतकी वेगळी, की चुकीचं चाक लावायचा मोहच होऊ नये.

पीसीडी जुळली की गड जिंकला असंही नाही. स्कोडा लॉराची पीसीडी आमच्यासारखीच, पाच बोल्ट आणि ११२. तिची सेकंडहँड अलॉय ढिगाने मिळतात. पण तिच्या चाकाचं मधलं भोक ५७.१चं, आमच्या हबवर ते चढणारच नाही. "लेथवर मोठं करून देतो" म्हणणारे आहेत आणि काम अगदी सफाईने करणारेही आहेत. ऑडीच्या अलीकडच्या काही गाड्यांचं भोक बरोबर ६६.६चं असतं, ती चाकं हबवर छान चढतात. तिथे अडतं ते बोल्टावर. आमचा बोल्ट १२ मिलिमीटरचा, त्यांचा १४चा. आमच्या मूळ बोल्टाचं डोकं खालून गोलाईचं, १२ मिलिमीटर त्रिज्येच्या चेंडूचा काप असावा तसं. त्यांच्या चाकातली खोबण त्याहून मोठ्या गोलाईची. बाजारातल्या बहुतेक अलॉयची खोबण तर शंकूसारखी सरळ उताराची. गोल डोक्याचा बोल्ट शंकूच्या खोबणीत घातला की तो एका बारीक रेषेवर टेकतो. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून चाकाबरोबर त्याच चाकाच्या जातीचे बोल्ट घ्यायचे, आणि दुकानदार "जुनेच चालतील" म्हणाला तर दुकान बदलायचं.

यानंतर येतो ऑफसेट, ज्याला चाकावर ईटी असं कोरलेलं असतं. हा आकडा सगळ्यात कमी समजून घेतला जातो आणि सगळ्यात जास्त खेळ हाच करतो. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला टेकणारी सपाटी, या दोहोंतलं अंतर म्हणजे ईटी. आकडा मोठा, तर चाक आत. लहान, तर बाहेर. आमचं मूळ चाक साडेसहा इंच रुंद, ईटी ४८. साडेसहा इंच म्हणजे १६५ मिलिमीटर, अर्धे साडेब्याऐंशी. त्यातून ४८ वजा केले की हबच्या तोंडापासून चाकाची बाहेरची कड साडेचौतीस मिलिमीटरवर येते. त्यातच ४८ मिळवले की आतली कड साडेएकशेतीसवर. एवढी बेरीज-वजाबाकी चौथीतल्या मुलाला येते. पण चाकं घेणाऱ्यांपैकी ती कागदावर करणारा विरळा.

आता आधीच्या मालकांचा हिशेब लावू. साडेआठ इंच, ईटी ३०. बाहेरची कड ७८वर, आतली १३८वर. म्हणजे आत साडेसात मिलिमीटर जास्त घुसलं, म्हणून स्ट्रटला घासलं. दहाचा स्पेसर लावला, आतलं घासणं थांबलं, पण बाहेरची कड ८८वर गेली. मूळच्यापेक्षा ५३ मिलिमीटर बाहेर, प्रत्येक बाजूला. याच मॉडेलची एक दांडगी आवृत्ती होती, ५००ई. व्ही८ इंजिनाची, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची, जिच्या जुळणीतलं बरंचसं काम पोर्शने झुफेनहाऊझेनच्या कारखान्यात केलं. तिला आठ इंची, ईटी ३४ची चाकं होती, म्हणजे कड सुमारे ३३ मिलिमीटर बाहेर. तेवढ्यासाठी कंपनीने मडगार्ड नव्याने आखून फुगवले. ज्यांनी ती गाडी बनवली त्यांना ३३साठी पत्रा बदलावा लागला आणि आमच्या गाडीला हातोडीच्या चार ठोक्यांत ५३ बसवले!

चाक बाहेर सरकलं की फक्त पत्र्याचा प्रश्न येत नाही. पुढचं चाक ज्या कल्पित रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला कुठे भेटते आणि टायर कुठे टेकतो, याचं नातं बिघडतं. एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातातून त्या बाजूला ओढ घेतं. बेअरिंगवरचा भार तिरका होतो. आणि पुण्यात एका चाकाखाली खड्डा कधी येत नाही ते सांगा.

टायरचा आकडा हा आणखी एक मजेशीर प्रकार. १९५/६५ आर १५. पहिला मिलिमीटर, दुसरा टक्के, तिसरा इंच. एका ओळीत तीन मापं एकत्र नांदतात. पण जुन्या गाडीला नवीन मापाची चाकं घालताना एकच गोष्ट सांभाळायची: टायरची बाहेरची एकूण उंची. १९५/६५ आर १५ची उंची ६३४.५ मिलिमीटर. २०५/५५ आर १६ची ६३२. २२५/४५ आर १७ची ६३४.३, जवळजवळ तंतोतंत. म्हणजे सतरा इंची चाकंही उंचीच्या हिशेबात बसतात, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. मग सतरा का नको? कारण टायरची भिंत. पंधरा इंचीत ती १२७ मिलिमीटरची, सतरात १०१ची. मधले २६ मिलिमीटर म्हणजे निव्वळ हवा आणि रबर, आणि या गाडीची जी ख्याती आहे, ती आगगाडीसारखी शांत जाते ही, तिच्यातला मोठा वाटा त्या रबराचा आहे. सोळात ही भिंत ११३ उरते. तिथपर्यंत मी यायला तयार होतो.

दिसण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण दिसणं गौण आहे असं म्हणणारा माणूस ढोंगी असतो. डब्ल्यू१२४ची काच मोठी, कंबर खाली, अंगावर उगाच रेघा नाहीत. तिच्या काही आवृत्त्यांचा वाऱ्याला होणारा विरोध ०.२९ इतका कमी होता, जो १९८४साली भल्याभल्यांना जमत नव्हता. चाकंसुद्धा त्याच हिशेबाने जवळजवळ सपाट तोंडाची, पंधरा गोल भोकांची. जर्मन लोक प्रेमाने त्यांना गटाराचं झाकण म्हणतात. अशा गाडीला पातळ काड्यांची, काळी कुळकुळीत अठरा इंची चाकं म्हणजे धोतरावर बास्केटबॉलचे बूट. बूट वाईट नसतात, धोतरही वाईट नसतं. त्यामुळे मला हवं होतं ते सपाट तोंडाचं, चंदेरी, जाड आऱ्यांचं, तिच्या काळात शोभलं असतं असं.

खरं तर मूळची पंधरा भोकांचीच मिळाली असती तर विषय संपला असता. नाना पेठेत शोध घेतला. मिळाली, पण एकाची आतली कड मारून सरळ केलेली आणि दुसऱ्याला आऱ्याच्या मुळाशी वेल्डिंग. रंग इतका सुरेख मारलेला की वेल्डिंगचा फुगवटा अंगठा फिरवल्यावरच हाताला लागला, तोही मागून. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाला कारखान्यात भट्टीत घालून, पाण्यात निववून, पुन्हा तापवून ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासची ती ताकद जाते. कडेचा छोटा टवका भरून घेणं वेगळं. आऱ्याला किंवा बोल्टाच्या भोकांजवळ वेल्डिंग केलेलं चाक मी फुकट दिलं तरी घेणार नाही, बागेत कुंडीखाली ठेवायलासुद्धा नाही, कारण पुढे कुणीतरी ते उचलून गाडीला लावेल.

म्हणून बाजारातली नवी. शेवटी ठरलं ते सात इंच रुंद, सोळा इंची, ईटी ४०, मधलं भोक ६६.६. कागदावर मांडलं: बाहेरची कड ४९वर, म्हणजे मूळच्यापेक्षा साधारण चौदा मिलिमीटर बाहेर. आतली १२९वर, म्हणजे आत उलट दीड मिलिमीटर मोकळीक वाढली. स्पेसर नको, रिंग नको, हातोडी नको. पाठीवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी चाचणीचे ठसे होते. ठसा खोटाही मारता येतो, हे मान्य. म्हणून ठशाबरोबर मी कमाल भार बघतो. गाडीच्या पाटीवर प्रत्येक आसाचा कमाल भार दिलेला असतो. त्याचा निम्मा करायचा आणि चाकावर कोरलेला आकडा त्याहून बऱ्यापैकी मोठा आहे ना ते बघायचं. ज्या चाकावर भार कोरलेलाच नाही, ते कितीही देखणं असो, परत भिंतीवर. टायरचंही तसंच. मूळ टायरचा भारांक ९१, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. नवा टायर ९१च्या खालचा घ्यायचा नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो.

बसवायच्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी आधी तारेच्या ब्रशने हबचं तोंड घासून काढलं. जुन्या मर्सिडीजमध्ये चाक हबला गंजून चिकटतं, पाचही बोल्ट काढले तरी लाथ मारल्याशिवाय हलत नाही. मधल्या उंचवट्यावर बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर दिला, बोल्टांच्या आट्यांना मात्र लागू दिला नाही. या गाडीच्या टूलकिटमध्ये एक लोखंडी खुंटी असते, एका टोकाला आटे असलेली. ती बोल्टाच्या वरच्या भोकात फिरवून बसवायची आणि चाक तिच्यावर सरकवायचं. बोल्टवाल्या गाड्यांत चाक एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने भोक जुळवताना जी कसरत होते ती वाचते. चाक खुंटीवरून सरकलं, मधल्या उंचवट्यावर आलं आणि जरा अडलं. मिस्त्रींनी तळहाताने दोन्ही बाजूंनी सारखा दाब दिला, तसं ते आत जाऊन बसलं. बोल्ट एकही लावलेला नव्हता, तरी चाक वर-खाली हलेना. "हे बघा साहेब," ते म्हणाले, "याला म्हणायचं बसलं. ते आधीचं नुसतं टांगलेलं होतं."

मग पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितली, आतल्या प्लॅस्टिकला हात घालून. मागे चार जण बसवले, डिकीत मिस्त्रींच्या गॅरेजमधल्या दोन बॅटऱ्या आणि एक गिअरबॉक्स, आणि गाडी समोरच्या गतिरोधकावरून तिरकी नेली, एक चाक वर, एक खाली. मिस्त्री मागच्या मडगार्डशी कान लावून बरोबर चालत होते. रिकाम्या गाडीत, सपाट जमिनीवर न घासणारं चाक काहीच सिद्ध करत नाही. घाटात सहकुटुंब उतरताना ते घासतं. शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायला बोलावलं होतं. गेलो. एकही हलला नव्हता.

कायद्याची बाजू एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करायला मनाई आहे, आणि अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस चाकं आधी बघतो. त्यामुळे मापं जितकी मूळच्या जवळ, तितकी झोप चांगली.

राहता राहिली स्टेपनी. ती मूळचीच आहे, पंधरा इंची, पोलादी. उंची जवळपास तीच, त्यामुळे पंक्चर झाल्यावर घरी यायला अडचण नाही. अडचण बोल्टांची आहे. पोलादी चाकाचा पत्रा पातळ, अलॉयची पाठ जाड, म्हणून अलॉयचे बोल्ट बरेच लांब असतात. तेच लांब बोल्ट पोलादी स्टेपनीला लावले तर ते हबच्या पलीकडे बाहेर पडतात, आणि मागच्या चाकात तिथे हँडब्रेकचे शूज बसलेले असतात. चाक फिरलं की बोल्टांची टोकं त्यांना खातात. मर्सिडीज म्हणूनच अलॉयवाल्या गाड्यांत पाच आखूड बोल्ट वेगळे देत असे. आमच्या गाडीतले अर्थातच गायब होते, ते वेगळे मागवले. कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या मध्येच बांधून ठेवलेत आणि पिशवीवर मार्करने लिहिलंय: "फक्त या चाकाला हेच." भाचा गाडी मागायला येतो तेव्हा किल्ली देण्याआधी मी त्याला ती पिशवी उघडून दाखवतो. तो म्हणतो, "मामा, मी फक्त डेक्कनपर्यंत चाललोय."

"पंक्चर डेक्कनला होत नाही का?" मी विचारतो, आणि पिशवी परत बांधतो.